मोरीच्या पाण्यावरचा नारळ

नेवासा फाट्यावरून प्रवरासंगमाकडे निघालं की डाव्या हाताला, उसाच्या पलीकडे, एक नारळ उभा दिसतो. आजूबाजूला कडुलिंब आहेत, बोरी-बाभळी आहेत, बांधावर सुबाभूळ माजली आहे. ती सगळी आपापल्या उंचीवर थांबली आणि हा एकटा त्यांच्या डोक्यावरून वर गेला. ही माझ्या थोरल्या चुलत्यांची वस्ती. पत्ता सांगताना इकडे गट नंबर कुणी सांगत नाही. "नारळाची वस्ती" म्हटलं की दुधाची गाडी, ऊसतोडीचा मुकादम, सोयरीक घेऊन येणारे पाहुणे, सगळे बरोबर दारात येतात. चुलत्यांचं नाव, आडनाव, सगळं त्या झाडाच्या मागे पडलं आणि त्याचं वाईट घरात कुणाला वाटलं नाही.

लांबून तो डौलदार दिसतो. जवळ गेलं की त्याचं खरं अंग कळतं. कोकणातले माड पाहिलेल्या माणसाला हा हडकुळाच वाटेल. तिकडच्या निरोगी झाडावर तीस-पस्तीस झावळ्या असतात, शेंडा गोल आणि भरलेला असतो. याच्या डोक्यावर पंचवीसही मुश्किलीनं भरतात, आणि त्यातल्या खालच्या चार-सहा मान टाकून खोडाला टेकलेल्या. पात्यांची टोकं बारा महिने करपलेली. चैत्र-वैशाखात पाती मधल्या शिरेवर मिटतात आणि संध्याकाळी वारा पडला की थोडी उलगडतात. घराच्या बाजूनं ऊन कमी मिळालं म्हणून अंगणाच्या मोकळ्या अंगाला तो किंचित कललेला आहे. बुंध्याशी मुळांचा गड्डा मातीवर आलाय. चुलती दर पावसाळ्याआधी त्यावर पाटीभर माती ओढते.

खोड मात्र सावकाश पाहावं असं आहे. आंबा किंवा कडुलिंब दरवर्षी अंगानं भरत जातो, जुनी जखमही झाकून टाकतो. नारळाला ती सोय नाही. शेंड्यापाशी खोड ज्या जाडीचं घडतं, त्याच जाडीचं ते जन्मभर राहतं. पाणी कमी पडलं त्या वर्षी घडलेला भाग बारीक असतो, आणि पुढे कितीही सुकाळ आला तरी तो भाग बारीकच राहतो. त्यावर गळून गेलेल्या झावळ्यांचे वण. चांगल्या वर्षी महिन्याला एक झावळी या हिशेबानं ते लांब लांब पडतात, वाईट वर्षी एकमेकांवर दाटतात. या घराच्या पाण्याचा सातबारा कुणाला पाहायचा असेल तर तो तलाठ्याकडे नाही, या खोडावर आहे.

खालून वाचायला लागावं. बुंध्यापासून दोन पुरुषांपर्यंत ते भरदार आहे. तेव्हा मुळा धरणाचा उजवा कालवा नवा होता, चारीला पाणी वेळेवर सुटायचं, विहिरीला पाझर होता. त्याच्या वर बराच सरळ, समाधानाचा पट्टा. मग पहिली आवळलेली जागा येते, ती २००३ च्या दुष्काळाची. नगर जिल्ह्यात त्या सुमारास पाऊस ओळीनं रुसला होता आणि गुरं छावणीत होती. तिच्या वर खोड पुन्हा सावरतं. त्यानंतर शेंड्याच्या अलीकडे दोन आवळे जवळजवळ आहेत: २०१२-१३ चा आणि २०१५-१६ चा. दोन्हींच्या मध्ये हातभर भाग फुगलेला आहे. २०१३ चा पाऊस बरा झाला होता, त्याची तेवढीच नोंद. मी हे खोड अनेकांना दाखवलंय. दुष्काळाचे आकडे वाचून माणसं मान हलवतात, पण त्या दोन आवळ्यांकडे बोट दाखवलं की गप्प होतात. त्या वर्षी आपण काय प्यालो आणि कुठून आणलं हे ज्याचं त्याला आठवतं.

त्याचा जन्मही रीतीला धरून झालेला नाही. रत्नागिरीजवळ भाट्ये इथं १९५५ पासून नारळाचं संशोधन केंद्र आहे. रोपासाठी नारळ निवडण्याची तिकडची शिस्त कडक: चांगल्या धरणाऱ्या, भर वयातल्या झाडाचा, पूर्ण बारा महिने पिकलेला आणि सोडणासकट. सोडण ओल धरून ठेवतं, कोवळ्या मुळांना त्यातच पहिला आसरा मिळतो. आमचा नारळ होता आजीच्या देव्हाऱ्यातल्या कलशावरचा. सोडण सोलून काढलेलं, नुसती शेंडी राखलेली. देवळापुढच्या दुकानातून घेतलेला, म्हणजे कर्नाटकातून नाहीतर आणखी खालून ट्रकनं आलेला. कलशातलं पाणी आजी रोज बदलायची, त्याचा गारवा खालून मिळत राहिला. नारळाला तीन डोळे असतात, त्यातला एकच मऊ असतो आणि कोंब त्याच्याच आड झोपलेला असतो. एका सकाळी शेंडीच्या केसांतून पांढरं टोक वर आलेलं दिसलं.

असा नारळ कुणी फोडतं आणि आतला गोड, स्पंजासारखा मोड मुलांना वाटतं. आजीनं फोडू दिला नाही. कलशावर उगवलेलं ते लावायचं असतं, एवढंच तिचं म्हणणं. लावायचं कुठं, यावर घरात वाद झाला. आजोबांना बांधावर हवा होता. आजीनं मोरीचं पाणी जिथं उघड्यावर पसरायचं ती जागा दाखवली. पोराला रोज कोण बघायला जाईल बांधावर, असं ती म्हणाली. त्या एका वाक्यावर झाड जगलं, असं मला वाटतं. ज्या वर्षी ते लावलं त्या वर्षी आजोबांनी बांधावर लावलेल्या पपनसांचं पुढे काय झालं ते कुणाला आठवतसुद्धा नाही.

नकाशा उघडला तर एक गोष्ट नवलाची वाटते. नेवासं आणि पालघर जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, साडेएकोणीस अंशांच्या आसपास. डहाणूचा किनारा तर त्याहून थोडा उत्तरेला आहे. म्हणजे सूर्याचा कल दोन्हीकडे सारखा, दिवसाची लांबी सारखी. तिकडे माडांच्या वाड्या आहेत आणि इकडे हा एकटा. मधला फरक सह्याद्रीनं केला. किनाऱ्यावर पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या पुढे जातो, डोंगर ओलांडून ढग इकडे येईपर्यंत पाचशेच्या आसपास उरतो. समुद्र दोनशे किलोमीटरहून लांब राहिला, जमीन पाचशे मीटरांच्या जवळ चढली.

समुद्र जवळ नसला तरी नारळ येतो, हे मान्य करायला हवं. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातलं तिपटूर किनाऱ्यापासून लांब, पठारावर आहे, पाऊसही तिथं बेताचाच, तरी त्या गावाचं नाव खोबऱ्याच्या बाजारात पहिल्या रांगेत घेतात. तिथल्या उंच जातीला गावाचंच नाव आहे. कदाचित आमच्या कलशावरचा नारळ तिकडचाच असेल, कोरड्या हवेची थोडी सवय रक्तातच घेऊन आला असेल. पण तिपटूरचा हिवाळा मवाळ. नगर जिल्ह्याचा हिवाळा नारळाला माहीत नसलेली गोष्ट आहे. त्याला सरासरी सत्तावीस अंशांची ऊब लागते, पारा पंधराच्या खाली गेला की तो वाढीला हात लावत नाही. इथं पौषात पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो. नवी झावळी भाल्यासारखी मिटून बसते, महिना उलटला तरी हलत नाही. हरभऱ्याला, गव्हाला हीच थंडी सोन्याची असते, शिवारात सगळे खूश असतात आणि अंगणात हा एकटा आखडलेला. मग मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, हवेत ओल औषधाला नसते, आणि त्याला दुसऱ्यांदा गप्प बसावं लागतं. वर्षातले पाच-सहा महिनेच त्याचे खरे. श्रावणापासून दिवाळीपर्यंत त्याला पाहावं. झावळ्या काळपट हिरव्या होतात, उलगडतात, वाऱ्याबरोबर वाजतात. त्या दिवसांत तो कोकणातल्या कुठल्याही माडाला हार जाणार नाही.

एका बाबतीत मात्र नेवाशानं त्याचे पांग फेडले आहेत. प्रवरा उगवते ती अकोले तालुक्यात रतनगडाच्या कुशीत, सह्याद्रीच्या कड्याला लागून. तिथला पाऊस हजारो मिलिमीटरांत मोजतात. भंडारदऱ्याला तिला अडवली ती १९२६ साली पुऱ्या झालेल्या धरणानं. मुळाही हरिश्चंद्रगडाच्या अंगाहून येते. किनाऱ्यावरच्या माडांना भिजवून वर आलेला ढग घाटमाथ्यावर रिता होतो, ते पाणी नदीनं, कालव्यानं, चारीनं आणि शेवटी पाझरानं आमच्या विहिरीत उतरतं. जो पाऊस डोंगरानं याच्यापर्यंत येऊ दिला नाही, तोच खालच्या वाटेनं, मुळांशी पोचतो. ही माझी कविकल्पना नाही. पाटाचं आवर्तन लांबलं की विहीर खाली जाते, विहीर खाली गेली की मोरीचं पाणी आटतं, आणि पंधरा दिवसांत खालच्या झावळ्या पिवळ्या पडतात. ज्या वर्षी वरच्या धरणांतलं पाणी जायकवाडीला सोडतात, त्या वर्षी प्रवरा नेवाशाच्या दारावरून भरून वाहते आणि काठावरच्या मोटारी बंद ठेवाव्या लागतात. पैठणच्या लोकांनाही तहान आहे, हे इथल्या शहाण्या माणसाला कळतं. तरी भरल्या नदीकाठी कोरडी मोरी पाहणं सोपं नसतं.

विहिरीचं पाणी मचूळ आहे. पन्नास वर्षं उसाला पाटानं पाणी देऊन इथल्या काळ्या जमिनीत खार वर आला, काही वावरं चोपण झाली. लिंबाला हे पाणी चालत नाही, डाळिंब कुरकुरतं, आजीच्या मोगऱ्याची पानं कडेनं जळायची. नारळ मात्र खाऱ्या मातीचा जुना ओळखीचा. कोकणात बुंध्याशी मुद्दाम मीठ घालतात, इथं ते घालायची वेळच आली नाही. इतर झाडं ज्याला कंटाळली, ते यानं पोटभर घेतलं. त्याला खटकते ती काळी माती. पावसाळ्यात ती चिकटून बसते आणि मुळांना श्वास घेऊ देत नाही, उन्हाळ्यात भेगाळते आणि मुळं तोडते. नारळाला सोटमूळ नसतं. बोटाएवढ्या जाडीची हजारो मुळं बुंध्यापासून चहूकडे पसरतात आणि ती जमिनीच्या वरच्या थरातच राहतात. भेग पडली की पहिला घाव त्यांच्यावर. लावताना आजोबांनी खड्ड्यात प्रवरेची वाळू दोन गाड्या टाकली होती, तिनंच त्याला तारलं.

आता मोरीबद्दल. उन्हाळ्यात वाढलेल्या नारळाला दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पाणी ठिबकनं द्यावं, असं जाणकार सांगतात. आठ-दहा माणसांच्या घरात अंघोळी आणि धुणं-भांडी मिळून त्याच्या कितीतरी पट पाणी सांडतं. ते सगळं उघड्या चरातून नारळाच्या आळ्यात. हवामान खात्याच्या दप्तरी नेवाशाचा पाऊस काहीही असो, या झाडाच्या बुडाशी रोज सकाळी सहा ते नऊ पाऊस पडतो. सण असला, पाहुणे आले की जास्त पडतो. चुलत बहिणीच्या लग्नात आठवडाभर घर भरलेलं होतं, त्या उन्हाळ्यात नारळानं दोन झावळ्या जास्त टाकल्या, असं चुलती ठामपणे सांगते. मुलं शिकायला पुण्याला गेली, घर रिकामं झालं, तेव्हा तीच म्हणाली, "नारळाला आता पानी कमी पडतंय." त्या दिवसापासून ती स्वतः दोन बादल्या जास्तीच्या ओतायला लागली. आपल्या हवामानाबाहेरचं झाड लावणं म्हणजे हेच, असं मी समजतो. एका झाडापुरतं हवामान घरातल्या माणसांनी रोज हातानं तयार करायचं. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी बोर लावावी, सीताफळ लावावं, ती झाडं या मातीची आहेत आणि कुणावाचून अडत नाहीत.

वस्तीवर बाकीचेही परदेशी येऊन गेले. सुपारी दुसऱ्या उन्हाळ्यात गेली. फणस जगला, उंच झाला, फळं मात्र चार-दोनच धरतो. रत्नागिरीहून आणलेल्या हापूसच्या कलमांना आंबे येतात, पण घरातल्यांना केशरच जास्त आवडतो आणि त्यावर कुणी वाद घालत नाही.

नारळाच्या एकटेपणाचा प्रश्न वेगळा आहे. उंच जातीचा नारळ आपल्याच पोयीतल्या, म्हणजे फुलोऱ्यातल्या, परागांवर सहसा फळत नाही. पोय उकलली की आधी नरफुलं उमलतात, दोन-तीन आठवडे गळत राहतात, आणि ती संपत आली की मादीफुलं तयार होतात. म्हणजे घरात वर-वधू असून मुहूर्त जुळत नाही. बागेत शेजारच्या झाडाचे पराग वारा आणि मधमाशा आणतात. इथं शेजारचं झाड दीड-दोन किलोमीटरवर, देवळाच्या आवारात. उन्हाळ्यात पोयी भराभर निघाल्या तर वरच्या पोयीतले पराग खालच्या पोयीतल्या फुलांना मिळतात, पण नेमकी तेव्हाच उष्ण वाऱ्यानं कोवळी फळं गळतात. अंगणात सुपारीएवढी टोपीवाली फळं सकाळी झाडून गोळा होतात. लहानपणी आम्ही त्यांचे भोवरे करायचो. तेव्हा ती काय आहेत हे कुणी सांगितलं नव्हतं.

आणि त्याचा हिशेब फार लांबचा असतो. आज उकललेली पोय झाडाच्या पोटात अडीच वर्षांहून आधी सुरू झालेली असते. उकलल्यानंतर नारळ पिकायला आणखी वर्ष. मोजून चव्वेचाळीस महिने. हातात आलेल्या एका नारळात जवळजवळ पावणेचार वर्षांचे उन्हाळे-पावसाळे साठलेले असतात. हे ठाऊक नसलं तर माणूस झाडावर अन्याय करतो, आणि आमच्याकडे तो होता होता राहिला. २०१६ चा उन्हाळा सगळ्यांना आठवत असेल, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी नेलं तो. वस्तीवर टँकर यायचा. अंघोळीचं पाणी घमेल्यात धरून आधी गुरांचा गोठा धुवायचा, मग उरलं ते नारळाला. त्या पावसाळ्यात आभाळ मोकळं झालं, विहीर काठोकाठ आली, ऊस पुन्हा उभा राहिला. २०१७ मध्ये सगळ्या शिवाराला फळ आलं आणि नारळ रिकामा. पोयी निघाल्या त्या बोटभर, वाळक्या. शेजारपाजारचे बोलायला लागले. एवढ्या पाण्यात धरत नाही म्हणजे झाड संपलं. वाळकं झाड दारात नको. वादळात घरावर पडेल. चुलत्यांनी तोडणाऱ्याला निरोपही धाडला.

चुलतीनं त्याला दारातून परत पाठवला. चुलत्यांना ती सगळ्यांसमोर म्हणाली, "मागची चार वर्षं त्याला आपण काय पाजलं ते आधी सांगा. मग फळ मागा. मपल्या दारचं झाड हाय, मी बघंन." तिला चव्वेचाळीस महिन्यांचं काही ठाऊक नव्हतं. बाळंतपणात उपाशी राहिलेल्या बाईचं दूध लगेच येत नाही, एवढं तिला ठाऊक होतं. २०१८ मध्ये दोन घड धरले, लहानच. २०२० ला, सगळे घरात अडकून पडलेले असताना, शेंडा खालून दिसेनासा झाला इतके घड लटकले. ज्यांनी तोडायचा सल्ला दिला होता त्यांच्या घरी चुलतीनं पहिले नारळ पाठवले. तिच्या मनात काही आडपडदा नव्हता, त्यांच्याकडे बारसं होतं.

झाडाला एकच डोकं असतं, हे त्याचं सगळ्यात मोठं भय. कडुलिंबाची फांदी मोडली तर चार फुटतात. नारळाचा शेंड्यातला कोंब गेला की झाड गेलं. गेंड्या भुंगा नेमका तिथंच शिरतो. त्याची अळी वाढते उकिरड्यात, शेणखतात, आणि ज्या वस्तीवर सहा जनावरं आहेत तिथं उकिरडा असणारच. भुंगा मिटलेल्या झावळीतून आरपार जातो. झावळी उलगडली की कात्रीनं त्रिकोण कापल्यासारखी दिसते. तोवर खूप उशीर झालेला असू शकतो. या झाडावर चढणारा माणूस इकडे मिळत नाही. कोकणात, गोव्यात पाडेली असतात, त्यांची पिढीजात विद्या आहे, इकडच्या माणसाचे पाय खोडावर ठरत नाहीत. चुलत्यांच्या धाकट्या मुलानं शेवटी लोखंडी शिडी जोडून घेतली. तो वर्षातून दोनदा वर जातो, भोकात तार घालून भुंगा ओढतो, पानांच्या बेचक्यात वाळू आणि निंबोळी पेंड भरतो. तो वर असेपर्यंत चुलती खाली शिडी धरून उभी राहते आणि कुणाशी बोलत नाही.

इथं नारळ कुणी उतरवत नाही, ते आपण होऊन पडतात. रात्री पत्र्यावर पडला तर सगळी वस्ती जागी होते. पत्र्याला खळगे पडलेत, ते कुणी ठोकून काढत नाही. फळ लहान असतं, कोकणच्या नारळाच्या पाऊणपट. खोबरं मात्र घट्ट. पहिला पडलेला नारळ मोहिनीराजाला जातो. समुद्रमंथनातून निघालेलं अमृत देवांना वाटायला विष्णूनं मोहिनीचं रूप इथंच घेतलं, अशी नेवाशाची श्रद्धा आहे, तेव्हा समुद्रकाठच्या झाडाचं फळ त्या गाभाऱ्यात जाणं मला फार योग्य वाटतं. दुसरा नारळ ज्ञानेश्वर मंदिरात, ज्या खांबाला टेकून माउलींनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली त्या पैस खांबापुढे. त्याच तालुक्यात शनिशिंगणापूरला रोज नारळांचे ढीग फुटतात, ते सगळे दक्षिणेतून येतात. आपल्या अंगणातला नारळ हातात घेऊन देवळाच्या पायऱ्या चढणारी बाई त्या गर्दीत वेगळी ओळखू येते. ती तो पिशवीतून काढत नाही, पदराखाली धरते.

या गोदाखोऱ्याला नारळाचं कौतुक आजचं नाही. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्यात त्यानं नानंगोल गावची बत्तीस हजार नारळाची झाडं दान दिल्याचं कोरलेलं आहे. ते गाव म्हणजे डहाणूच्या वरचं नारगोळ, असं अभ्यासक मानतात. झाडं किनाऱ्यावरची, पण त्यांची मोजदाद गोदावरीच्या उगमाजवळच्या डोंगरात कोरली गेली. देशावरच्या माणसाला नारळ हवाच होता आणि तो समुद्राकडून मागावाच लागत होता. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळियांनी १९५४ ते ५६ मध्ये नेवाशाच्या लाडमोड टेकाडावर खोदकाम केलं तेव्हा रोमन मद्यकुंभांची खापरं निघाली. सातवाहनांच्या काळात समुद्रापलीकडचं मद्य जिथवर पोचत होतं, तिथवर नारळ पोचत नसेल असं मला तरी वाटत नाही. पण फळ पोचणं वेगळं आणि झाड उभं राहणं वेगळं.

हिरवी झावळी मात्र चुलती कुणालाही देत नाही. लग्नाच्या मांडवाला, गणपतीच्या मखराला माणसं मागायला येतात. प्रत्येक झावळीच्या बगलेत एक पोय असते आणि घडाचा भार तीच झावळी पेलते, म्हणून हिरवी झावळी कापली की एक घड गेला. वाळलेली पडेल ती न्या, हिरांचे खराटे बांधून न्या, सोडण चुलीला न्या, असं ती सांगते. एका नवऱ्या मुलाच्या बापाशी या पायी दोन वर्षं बोलणं बंद होतं.

गेल्या साली घराचं काम निघालं. जुनी मोरी पाडून फरशीचं न्हाणीघर झालं, पाणी शोषखड्ड्यात सोडायचं ठरलं. उघड्यावर सांडपाणी नको हे बरोबरच आहे, त्यावर डास होतात. अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायचे, बुंध्याभोवती हातभर गोल सोडायचा, असं गवंड्यानं आखलं. धाकट्या मुलानं राहुरीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतलीय. त्यानं आखणी पुसली आणि दोरी धरून बुंध्यापासून सहा फुटांवर नवी रेघ मारली. बहुतेक मुळं तेवढ्यात असतात, त्यावर दगड बसवला तर झाड गुदमरेल, म्हणाला. न्हाणीघराच्या पाण्याला त्यानं आधी वाळू-कोळशाचा गाळ-हौद केला आणि तिथून पाइप जमिनीखालून थेट आळ्यात काढला. उरलेलंच पाणी शोषखड्ड्यात जातं. गवंड्याला हा सगळा उपद्व्याप वाटला, पण त्यानं काम नीट केलं.

त्याच मुलानं या ज्येष्ठात भाट्याहून एक रोप आणलं. बाणवली, उंच जातीचंच. ठेंगू जात लवकर फळते, हाताला येते, तीच आण असं सगळे सांगत होते. त्याला याच झाडाच्या उंचीवर पराग पोचतील असं झाड हवं होतं. सहा-सात वर्षं वाट पाहायची तयारी आहे म्हणाला. साडेसात मीटरांचं अंतर त्यानं टेपनं मोजलं आणि ते नेमकं चुलतीच्या तुळशीवृंदावनावर आलं. दोघांची दुपारभर हुज्जत चालली. शेवटी वृंदावन चार फूट सरकलं. खड्डा मीटरभर खोल झाला, तळाशी वाळू घालायची होती, आणि ट्रॅक्टरवाल्यानं ओढ्याची वाळू आणून टाकली. चुलतीनं मूठभर हातात घेतली, चोळली, त्यात माती लागली.

"ही नको," ती म्हणाली. "नदीची आन. त्याला नदीचीच घातली व्हती."